बारा मात्रांतली पहिली

चाळीस वर्षं मी जगभरचे ताल एका पोतडीत भरून हिंडलो. तबला, जेंबे, डफ, काँगा, हाताला लागेल ते वाजवलं. लोक म्हणायचे, याच्या हातात सगळं जग आहे. जग कसलं डोंबलाचं, आता नुसती सांधेदुखी आहे. सकाळी कप धरायचा तर बोटं आधी गरम पाण्यात बुडवावी लागतात.

तरी बोलावणी येतात, ती एका रचनेच्या जोरावर. बारा मात्रांचा परदेशी ताल आणि त्यावर माझा तबला. यंदा आयोजकांना हौस आली आणि त्यांनी त्या तालाच्या मुलखातला एक म्हातारा ढोलवाला बोलावला. सोबत जेंबेवर माझी मुलगी. तिला मीच शिकवलं.

दुपारच्या तालमीत दोन मिनिटांत सगळं फिसकटलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. मला वाटलं, प्रवासानं दमलाय बिचारा. चौथ्या वेळी त्यानं ढोल बाजूला ठेवला, माझ्या शेजारी येऊन बसला आणि मोठ्या अदबीनं सांगितलं, की मी जिथून सुरुवात धरतो ती त्यांच्याकडची चौथी मात्रा आहे.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. हा ताल मी तरुणपणी कॅसेटवरून उचलला होता. कॅसेट भरणाऱ्यानं बटण उशिरा दाबलेलं, त्यामुळे वाजवणं मधूनच ऐकू यायचं. जिथून ऐकू आलं तीच मी सम, म्हणजे पहिली मात्रा, समजलो. तेच गावोगाव वाजवलं, शिष्यांना शिकवलं आणि वर मुलाखतींतून या तालाच्या आत्म्याबद्दल अक्कलही पाजळली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मी बदलून पाहिलं, पण हात ऐकेनात. आयोजक म्हणाले, जाहिरातीत नाव तुमचं आहे, पाहुणे घेतील जुळवून. पाहुण्यानंही मान डोलावली. म्हणजे कुणाला काही कळणार नव्हतं. पण पोरीला चुकीचं शिकवलं, हे तिला सांगायला तरी हवं होतं.

मागच्या खोलीत ती जेंबेच्या दोऱ्या ताणत होती. मी अडखळत सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"मला माहीत आहे, बाबा. सहा वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्याबरोबर असले की तुझी सम धरते. एकटी असले की खरी."

आधी तिचा राग आला, मग स्वतःचा. सहा वर्षं ही माझी चूक सांभाळत होती, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर मी तिला ऐकवत होतो, की तुझा हात मध्येच डगमगतो. तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. मला इतकं थकल्यासारखं वाटलं, की तिथल्याच खुर्चीत बसलो.

"आज तू एकटी असल्यासारखी वाजव," मी म्हटलं. "मी समोर बसतो."

तिनं दोरीची शेवटची गाठ आवळली. मग नुसतं "बरं" म्हणाली.

संध्याकाळी ती आणि ढोलवाला वाजवत असताना मी तिसऱ्या रांगेत बसून बोटांवर मात्रा मोजल्या. तीनदा चुकलो. चौथ्यांदा तिची सम सापडली, तोवर रचना संपत आली होती.