पक्कडकाकांचा खिसा

१९६७ साली आमच्या घरात सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते. कारण होतं हातभर लांबीचं एक वाफेचं इंजिन.

ते मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. रेल्वेच्या कारखान्यात असताना, तरुणपणी, त्यांनी ते स्वतः बनवलं होतं. पाणी भरून खाली स्पिरिटचा दिवा लावला की खरंच चालायचं. पुढे कित्येक वर्षं माळ्यावर पडून होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते खाली काढलं, पार सुटं केलं आणि मागच्या खोलीत टेबल मांडून पुन्हा उभं करायला घेतलं. पण आता त्यांच्या हातांना कंप सुटला होता. चहाचा कपही दोन्ही हातांनी धरावा लागे. "एकदा हे माझ्या हातचं चालू दे, मग मला काही नको," असं म्हणत.

दुपारी त्यांचे कारखान्यातले एक दोस्त येत. त्यांनी धरलेली वस्तू सुटत नसे म्हणून सगळे त्यांना पक्कड म्हणत, आम्ही पक्कडकाका. ते कानशीने गंज काढायचे, चाकांचे आरे पुसायचे. सांधे मात्र, म्हणजे धातू वितळवून डाख लावणं, मामंजी कुणाला करू देत नसत.

एक दिवस मामंजी तांब्याची नळी बोटांनी चाचपत म्हणाले, "हा डाख मी लावलेला नाही."

"मग कुणी लावला? काल घरभर वास मारत होता," सासूबाई म्हणाल्या.

"पद्धत माझीच आहे. कडेला उतार दिलाय, मी द्यायचो तसा. पण मी लावलेला नाही."

"ऐका! आता भुतं येऊन डाख लावतात."

आमचे हे मात्र हसले नाहीत. ते विमा कंपनीत दावे तपासायचे. जळक्या गोदामाची राख हुंगून आग कुणी लावली ते सांगणारा माणूस. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका मूळचे भाग उचलतात आणि नकला ठेवतात. अशा जुन्या इंजिनांसाठी शौकीन लोक जीव टाकतात."

"तरीच!" सासूबाईंनी ऐकलंच. "भावोजी येतात हात हलवत आणि जातात खिशात हात घालून."

एकदा डोक्यात किडा शिरला की काय काय दिसू लागतं! निघायच्या आधी पक्कडकाका मामंजींना हमखास पाणी आणायला पाठवत. जिना उतरताना खिसा चाचपत. कोटाची एक बाजू जड होऊन लोंबायची. त्यांच्या तर्जनीवर ताजा चटकाही दिसला, पण चोराला चटका कशाला बसेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

यांनी माझी नखं रंगवायची बाटली घेतली आणि बॉयलरवरच्या पितळी टोपणाला आतून लाल ठिपका दिला. दुसऱ्या दिवशी टोपण जागेवर होतं, ठिपका नव्हता.

"झालं, टोपण बदललं," हे म्हणाले.

रविवारी पक्कडकाका दारात बूट घालत होते. सासूबाईंनी कडी लावली.

"काका, जरा खिसा दाखवता?" यांनी विचारलं.

"तपकिरीची डबी आहे रे."

"मग हरकत काय?"

मागून मामंजी पाण्याचा पेला घेऊन आले. पक्कडकाकांनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. हलक्या आवाजात म्हणाले, "याला आत पाठवा. मग दाखवतो."

यांना तेवढं पुरलं. यांनी सरळ खिशात हात घातला. रुमालात एक वाकडी नळी निघाली. सांध्यावर मेणबत्ती ओघळावी तसा डाख थापलेला होता.

मामंजींनी पेला ठेवून ती हातात घेतली. "हा माझा. आज सकाळचा."

त्यांनी पक्कडकाकांकडे पाहिलं.

"घरी नेऊन नीट करत होतास?"

"तू पंचविशीत लावायचास तसा लावत होतो," पक्कडकाका म्हणाले. "माझ्या पद्धतीने लावला असता तर तू लगेच ओळखला असतास."

"गाढवा, थोडा तरी बिघडवायचास."

"पण टोपणाचा तो ठिपका..." यांनी सुरुवात केली.

"डाख लावताना आचेने जळला असेल. तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कडी काढली. पक्कडकाका खाली मान घालून गेले.

मामंजींनी टेबलावर चादर टाकली. इंजिनाचं नाव काढेनात. पक्कडकाकाही फिरकले नाहीत. सासूबाई दुपारी उगाच दोन कप जास्त चहा टाकत आणि ओतून देत. शेवटी एक दिवस मामंजींनीच मला हाक मारली. "सूनबाई, त्याला बोलावून आण. म्हणावं, खिसे रिकामे करून ये."

एकच सांधा उरला होता, बॉयलरखालचा. तो मामंजींनी लावला. पक्कडकाकांनी सगळ्यांदेखत त्यांचं मनगट धरलं. मग व्हरांड्यात रूळ मांडले. इंजिन चाललं, धापा टाकत, पण चाललं. नेमक्या त्याच सांध्यातून वाफ फुसफुसत होती.

"तुझं मनगट हललं."

"तुझी पकड ढिली होती."

दोघं अंधार पडेपर्यंत भांडत होते.

दोन वर्षांनी मामंजी गेले. तरी पक्कडकाका दुपारचे येत राहिले. सासूबाईंनी कधी माफी मागितली नाही, निघताना त्यांचा कोट आणून देत, खिसा दाबून बघत आणि विचारत, "काही नेत नाही ना, भावोजी?" मग दोघंही हसत. पुढे काकाही गेले, सासूबाईही गेल्या. हे बढती घेत घेत मोठे साहेब झाले आणि शेवटपर्यंत दूधवाल्याचं माप तपासत राहिले.

इंजिन आता माझ्याकडे असतं. मध्यंतरी लेकीने एका कारागिराला दाखवलं. तो म्हणाला, सगळं काम एका हातचं आहे. हा खालचा सांधा तेवढा कुण्या नवशिक्याने केलाय, बदलून देऊ का? मी नको म्हटलं. चालवून झालं की खाली गळलेलं पाणी फडक्याने पुसते.