बाटलीच्या गळ्यातून मैनेच्या गळ्यात

मित्रांनो, मी एक जुने बूच आहे. जुने म्हणजे किती, ते विचारू नका. ज्याला मरण नाही त्याचे वय कोण मोजणार? माझा जन्म प्लॅस्टिकच्या दाण्यांतून झाला. मग माझ्या अंगावर झाडाच्या सालीसारख्या तपकिरी रेघा छापल्या, कारण लोकांना झाड आवडते. शेवटी मला वाइनच्या बाटलीत ठोकले आणि एकच काम शिकवले: गळ्यात घट्ट बसायचे, हलायचे नाही.

माझी बाटली अमरावतीला, राजापेठेत यशोधनच्या घरी आली. त्याच्या आईने, सिंधूताईंनी, नाकाला पदर लावला.

"अगं आई, वाइन म्हणजे दारू नव्हे. द्राक्षांचा रस आहे."

"मग खिडक्या काहून लावून राहिला?"

त्या रात्री मेजवानीत तीन बाटल्या उघडल्या. पहिलीचे पत्र्याचे झाकण भंगारवाल्याकडे गेले; ते वितळून पुन्हा कामाला लागेल. दुसरीचे बूच खऱ्या सालीचे होते. तिसरा मी.

"ही बुचं ओल्या कचऱ्यात की सुक्या?" यशोधनच्या बायकोने, जुईलीने विचारले.

"झाडाची साल आहे ती. मैनेच्या बादलीत टाक. निसर्गाचं निसर्गाला!" यशोधन म्हणाला.

मैना ही मागच्या गल्लीतल्या गोदाबाईंची बकरी. घराघरांतली भाजीची साले तिच्यासाठी बादलीत जमत. नुकतीच व्यायलेली, दोन पिल्लांची आई, त्यामुळे तिला सारखी भूक. मेजवानीच्या उष्ट्या रश्शात भिजलेल्या आम्हा दोन्ही बुचांना तिने तोंडात घेतले. खरे बूच दातांखाली चुरले. मी चुरलो नाही. खाली सरकलो आणि शिकवल्याप्रमाणे घट्ट बसलो.

"मैना, थूक व माय, थूक!" गोदाबाई तिच्या मानेवर थापा मारत होत्या. तोंडाला फेस आला, पोट फुगत चालले. "यशोधनभाऊ, गाडी काढा! मरून राहिली माही मैना!"

यशोधनने लगेच गाडी काढली. जनावरांच्या दवाखान्याच्या फाटकाशी मैनेने पाय ताणले.

डॉक्टरांनी मला बाहेर ओढून चिमट्यात धरले. "प्लॅस्टिक आहे हे."

"पण सालीसारखं दिसत होतं हो," यशोधन पुटपुटला.

"तिलेबी तसंच दिसलं असन," गोदाबाई म्हणाल्या.

मैना काळ्या मातीत गेली. लवकरच माती होईल. मला गोदाबाईंनी तिच्या खुंट्याजवळच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवले आहे. बादली उपडी आहे. पिल्ले तिलाच ढुशा देतात.

आज जुईली पिल्लांसाठी दुधाची पिशवी घेऊन आली. डोळे पुसत तिने पिशवीचा कोपरा कापला, दूध बाटलीत ओतले आणि गोदाबाईंना हाक मारत आत गेली. कापलेला कोपरा अंगणातच पडला आहे. त्याला दुधाचा वास आहे. धाकटे पिल्लू तो हुंगते आहे.

मित्रांनो, कोणीतरी तो उचला. मला हलायला शिकवलेले नाही.