टाउनोकाका नक्की कुणाच्या घरी राहतात?

मित्रांनो, मी एक जुना बंगला आहे, पण मुक्कामाच्या तयारीने येऊ नका. माझ्या दारातून मांजराचं पिल्लूही आत शिरत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या एका खांबावर, मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर मी उभा आहे. मला टोकदार छप्पर आहे, पुढे ओटी आहे आणि ओटीवर चिनी मातीचे दोन हत्ती आहेत. आमच्या थाई मुलखातल्या फेचबुरीत प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो आणि त्याला राहायला माणसं माझ्यासारखा बंगला उभारतात. तो माझ्यात खरंच राहतो का, हे मला विचारू नका. एवढी वर्षं झाली, मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. कधी वाटतं घरातच आहे, कधी वाटतं कुठेतरी बाहेर गेलाय.

माझा जन्म हमरस्त्याकडेच्या एका कारखान्यात झाला. साच्यात सिमेंट ओतलं, मी निघालो. मग रंगाऱ्याने मला लाल आणि सोनेरी रंग दिला आणि माझ्यासारख्याच भावंडांच्या रांगेत उन्हात वाळत ठेवलं. ही जमीन जिची आहे त्या लमदुआनमावशीचे वडील मला बैलगाडीतून घेऊन आले. गावातल्या जाणत्या माणसाने जागा अशी निवडली की घराची सावली माझ्यावर पडू नये. तेव्हा इथे घर नव्हतंच, नुसती ताडाची झाडं होती. न बांधलेल्या घराची सावली कुठे पडेल हे त्याने कसं ओळखलं, ते मला अजूनही समजलेलं नाही.

माझं काम सोपं आहे. या जागेत जो कोणी मुक्कामाला येईल, त्याने आधी माझ्यापुढे उभं राहून आपलं नाव सांगायचं, कुठून आलो ते सांगायचं आणि राहू द्या म्हणायचं. मी ऐकून घ्यायचं. सोबत लाल सोड्याची बाटली ठेवतात, नळी लावून. ती मुंग्या पितात.

पुढे टाउनो आणि हेल्वी हे जोडपं फिनलंडहून आलं. टाउनो जहाजांवर सुतारकाम करून निवृत्त झालेला. परदेशी माणसाला आमच्याकडे जमीन विकत घेता येत नाही, म्हणून जमीन लमदुआनमावशीचीच राहिली आणि तिच्यावर टाउनोने स्वतःच्या पैशाने, निम्मं स्वतःच्या हाताने लाकडी घर बांधलं. ते त्याच्या आणि हेल्वीच्या नावावर झालं. मावशी शेजारीच राहते आणि ताडगुळाच्या मिठाया करून विकते. तिच्या तोंडाला कुलूप नसतं.

घर पुरं झालं त्या दिवशी मावशी म्हणाली, "आता राखणदाराला सांगा, मगच आत झोपा."

"घर माझं आहे ना?" टाउनोने विचारलं.

"घर तुझं, जमीन माझी, आणि जागा त्याची," मावशी म्हणाली.

टाउनो माझ्याकडे बघत राहिला. खरं सांगतो, मीही गोंधळलो. एकाच अंगणात तीन मालक, आणि त्यातला एक तर दिसतही नाही. पण हेल्वी हसत पुढे आली. तिने हात जोडले आणि तिच्या भाषेत बराच वेळ काही सांगितलं. मला एक अक्षर कळलं नाही, तरी मी सगळं ऐकलं.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. हेल्वी माझं छप्पर पुसायची, हत्तींना रंग द्यायची. पाहुणे आले की त्यांना ओळीने माझ्यापुढे उभं करायची. तशीच एक नोंद सरकारी कचेरीतही करावी लागते, हे मला तिच्याच बोलण्यातून कळलं. परदेशी माणूस घरात राहायला आला की एका दिवसाच्या आत घरमालकाने तसं कळवायचं, असा आमचा नियम. देशाबाहेर जाऊन परतलं की पुन्हा नव्याने कळवायचं. तेही सगळं हेल्वीच बघायची. टाउनो नुसता गाडी चालवायचा आणि कचेरीबाहेर भजी खायचा.

मग हेल्वी आजारी पडली आणि गेली. गावातल्या देवळात तिचे अंत्यसंस्कार झाले. तिच्या अस्थी देवळाच्या कुंपणभिंतीतल्या एका कोनाड्यात ठेवल्या आणि पुढे तिच्या नावाची फरशी बसवली. शेजारचा कोनाडा टाउनोने स्वतःसाठी मागून घेतला. त्यानंतर तो कागदपत्रांच्या कामासाठी मायदेशी गेला आणि काही महिन्यांनी एस्को नावाच्या पुतण्याला घेऊन परतला.

त्या दिवशी मावशीने त्याला फाटकातच अडवलं. "पोराला घेऊन इकडे ये आधी. सांग राखणदाराला."

टाउनोने पुतण्याला माझ्यापुढे उभं केलं, नाव सांगितलं, सोडा ठेवला.

"आणि तू?" मावशीने विचारलं.

"मी माझ्या घरी आलोय, मावशी. मालकाने कुणाला काय सांगायचं?"

तो आत गेला. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन त्याने घरमालक म्हणून सही करून पुतण्याची नोंद व्यवस्थित केली. पुतण्या महिनाभर राहून, ताडगोळे खाऊन परत गेला. टाउनो एकटा उरला. तो माझ्याकडे फिरकायचा नाही. माझ्या छपराचं एक टोक नारळाची झावळी पडून तुटलं, हत्तींवर शेवाळ चढलं. मला त्याचा राग आला नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल.

वर्षअखेर त्याची देशात राहण्याची मुदत संपत आली. ती वाढवून घ्यायला तो गेला आणि दुपारी उन्हाने भाजलेल्या चेहऱ्याने परतला. मावशी अंगणात ताडफळं सोलत बसली होती.

"दिली नाही," तो म्हणाला.

"का?"

"म्हणे, तुम्ही कुठे राहता याची नोंद नाही. मी म्हटलं, माझ्या घरी राहतो. म्हणे, त्या घरी पुतण्या राहिल्याची नोंद आहे, त्यावर घरमालक म्हणून तुमची सही आहे, पण त्या घरात तुम्ही राहता असं घरमालकाने कळवलेलं नाही. मी म्हटलं, घरमालक मीच. म्हणे, मग तुम्हीच कळवा की तुमच्याकडे एक परदेशी माणूस राहायला आलाय. कोण, विचारलं. तर म्हणे, तुम्ही."

मावशीच्या हातातला सुरा थांबला. "म्हणजे तू तुझ्याकडे आलास, हे तू सांगायचं?"

"हो."

"आणि घरात एकच माणूस?"

"एकच."

"अरे देवा," मावशी म्हणाली. थोडा विचार करून तिने वाट काढली. "थांब, जमीन माझी आहे. मी जाऊन सांगते, माझ्या जमिनीवर राहतो हा, मी ओळखते याला."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली आणि दोघंही घुश्शात परत आली. मावशीने चप्पल काढायच्या आधीच माझ्यापुढे गाऱ्हाणं सुरू केलं. जमीनमालकिणीचा इथे संबंध नाही, घरमालकच हवा, असं तिला सांगितलं होतं. वर तिने नेलेली मिठाई सगळ्यांनी खाल्ली होती.

"सही कर ना," ती टाउनोला म्हणाली. "एक सही तर आहे."

"नाही करणार," टाउनो म्हणाला. "एकेक फळी मी तासली आहे. त्या घरात मी पाहुणा आहे असं मीच लिहून द्यायचं?"

"मग जा. मुदत शुक्रवारी संपते. घराला कुलूप लाव आणि जा तुझ्या बर्फात. हेल्वी एकटी बसेल देवळाच्या भिंतीत."

मावशीलाच आपण जास्त बोललो असं वाटलं असावं, कारण ती मिठाईचा रिकामा डबा तिथेच टाकून निघून गेली. मी मात्र घाबरलो. बंद घरासमोरच्या माझ्यासारख्यांचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. देवळामागच्या मोठ्या झाडाखाली टाकून दिलेले जुने बंगले पडलेले असतात, कुणाचा खांब मोडलेला, कुणाचं दार निखळलेलं. तिथे नाव सांगायला कुणी येत नाही.

गुरुवारी कचेरीतून रुंगनापा नावाची तरुण अधिकारी आली. टाउनो खरोखर इथेच राहतो का, ते तिला पाहायचं होतं. खाकी गणवेश, कडक इस्त्री. फाटकातून आली ती आधी माझ्याकडे वळली. टोपी काढून हात जोडले आणि पुटपुटली, "नोंथाबुरीची रुंगनापा. कचेरीचं काम आहे. थोडा वेळ आत जाऊन येते, राग मानू नका."

टाउनो पायरीवर उभा राहून बघत होता. "तुम्ही सरकारी माणूस," तो म्हणाला. "तुम्हीही विचारून आत जाता?"

"न विचारता कशी जाऊ, काका? मी कुठे इथली आहे?"

"मी या घराचा मालक आहे. मलाच पाहुणा करताय तुम्ही."

ती पायरीवरच बसली. "काका, मला तरी हा कागद पुरता कळतो असं समजू नका. एकाच माणसाने दोन्हीकडे सही करायची, हे पहिल्यांदा बघून मीही साहेबांकडे धावले होते. साहेब म्हणाले, असंच असतं." मग तिने टोपी मांडीवर ठेवली. "मागच्या पुरात आम्ही होड्या घेऊन पलीकडच्या वस्तीत फिरलो. कोणत्या घरात कोण आहे ते कागद बघून हाका मारत होतो. एका घराची नोंद नव्हती. आम्हाला वाटलं, रिकामंच आहे, म्हणून पुढे गेलो. पाणी ओसरल्यावर कळलं, आत एक परदेशी आजोबा होते. तेही मालकच होते घराचे. माझ्याच होडीने ते घर ओलांडलं, काका."

टाउनो तिच्या शेजारी पायरीवर बसला. कुंपणाआडून ऐकणारी मावशी गप्प होती, आणि असं क्वचितच घडतं.

"म्हणजे मला काही झालं," टाउनोने विचारलं, "तर मला कुठे न्यायचं ते तुम्हाला कळेल?"

"नोंद असेल तर आधी मावशींना विचारायला येऊ."

"त्यांना सगळं ठाऊक आहे," टाउनो म्हणाला आणि त्याने पेन मागितलं.

घरमालक म्हणून त्याने सही केली आणि पाहुणा म्हणूनही केली. दोन्ही सह्या सारख्या आल्या का, ते त्याने चष्मा लावून तपासलं. उशीर झाल्याचा दंड भरावाच लागला, पण शुक्रवारी वर्षभराची मुदत वाढवून मिळाली. एका माणसाने स्वतःलाच स्वतःकडे ठेवून घेतलं, हे कागदावर कसं बसलं, ते मला आजही उमगत नाही.

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे. तुमच्या वाटेवर माझ्यासारखा एखादा जुना बंगला दिसला तर त्याच्या छपरावरची पानं झाडा, त्याला झाडाखाली टाकून देऊ नका. आणि दारात येऊन कुणी आपलं नाव सांगू लागलं, तर ते तुम्हाला कळो वा न कळो, ऐकून घ्या.

शुक्रवारी संध्याकाळी टाउनो कचेरीतून थेट माझ्याकडे आला. त्याने हत्तींवरचं शेवाळ आपल्या सुतारी पटाशीने हळूच खरवडलं. मग चपला काढल्या, हात जोडले आणि मोडक्या थाईत, एकेक शब्द शोधत तो म्हणाला, "मी टाउनो. या घरात राहतो. बायको देवळात आहे. मीही तिच्याकडेच जायचा आहे. पण घाई नाही."