पाच गॅलन

"पुन्हा पाणचट! भांडी विसळलेलं पाणी बरं," आर्नल्ड हातातल्या पेल्यालाच दम दिल्यासारखा पुटपुटला.

त्याच्या मागे सिंकपाशी एनिड बाटल्या धूत होती. या बिअरचा हा तिसरा घाणा, आणि तिन्ही घाण्यांच्या बाटल्या तिनंच धुतलेल्या. बोटं सुजली होती. कंबर तर आता कुरकुरायचीही थांबली होती.

कृती मुलाची. कॉलिन ऑरेगॉनला असतो, तिकडे घरीच बिअर बनवतो. वसंतात बापानं मागितली म्हणून त्यानं धाडली: इतके पौंड माल्ट, इतकी हॉप्सची कडू फुलं, सगळं मिळून पाच गॅलन. तेव्हापासून स्वयंपाकघराला चिकटलेला कडवट वास काही सुटेना. शेजारची डोरीन दर वेळी तोंडभर कौतुक करत दोन बाटल्या नेई आणि गोगलगायी वासानं येऊन बुडाव्यात म्हणून वाफ्यात बशीत ओतून ठेवी. परवा कुंपणावरून म्हणाली, "राग मानू नकोस हं एनिड, पण त्या आंघोळ करून चालत्या होतात गं."

घाणा फसला, की रविवारी चहानंतर आर्नल्ड फोन लावायचा. यीस्ट शिळं असेल का रे? आमचं यॉर्कशरचं पाणीच नडत असेल का? कॉलिन बिचारा बराच वेळ समजावत बसे. दर वेळी शंका नवी.

काल एनिड गावातल्या दुकानात माल्ट आणायला गेली, तेव्हा दुकानवालीनं सहज विचारलं, "बिअर करता तरी किती?"

"पाच गॅलन. बादलीवरच्या तेवीस लिटरच्या रेघेपर्यंत पाणी भरतो."

"अहो, तो आपला गॅलन! कृती अमेरिकेची ना? त्यांचा गॅलन लहान. त्यांचे पाच म्हणजे एकोणीस लिटर."

म्हणजे चार लिटर पाणी जास्त. एवढ्यासाठी तीन महिन्यांची उस्तवार! एनिडनं रात्रभर ते पोटात ठेवलं होतं. आता हातातली बाटली पालथी घालत ती म्हणाली, "आर्नल्ड, त्यांचा गॅलन लहान असतो म्हणे."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"आधीपासूनच. गिरणीत रंगखात्यात जन्म गेला माझा. अमेरिकेहून आलेली रंगाची पिंपं काय कमी मोजली?"

"अरे, मग मी या बाटल्या धुऊन धुऊन मरतेय ती काय हौस म्हणून?"

तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. तिकडे ऑरेगॉनला आता सकाळ झाली असेल.

"बिअर जमली," तो हळूच म्हणाला, "की मग त्याला विचारायचं काय?"

एनिडनं नळ बंद केला. कॉलिन कामात असतो, वेळेचा फरक पडतो, पोरं लहान आहेत. दोघांनी एकमेकांना किती दिवस हेच ऐकवलं होतं. ती हात पुसत आर्नल्डसमोर बसली. त्याचा पेला उचलून तिनं एक घोट घेतला. खरंच पाणचट होती.

"तो आपणहून कधीच फोन करत नाही, आर्नल्ड," ती म्हणाली.