कप्पी अडकते म्हणे!

"खाली सगळे मजेत चहा पिताहेत, आणि मला टांगलंय इथं वर! सुट्टीच्या दिवशी कोण काम करतं? बायको सांगत होती, जाऊ नका. ऐकायला हवं होतं तिचं."

काखेत पाना धरून, शिडीच्या वरच्या पायरीवर एका पायाचा भार दुसऱ्यावर देत वेल्डर माझ्या कानाशी पुटपुटत होता.

मित्रांनो, मी एक जुनी कप्पी आहे. शाळेच्या मैदानात झेंड्याचा खांब आहे ना, त्याच्या अगदी टोकावर माझं घर. घर कसलं, ना भिंत ना छप्पर! वारा सुटला की दोरी खांबावर टकटक आपटत राहते आणि मला क्षणभर स्वस्थ बसू देत नाही. त्या सकाळी तर जिवाची नुसती घालमेल चालली होती. वेल्डरच्या पिशवीत एक चकचकीत नवी कप्पी होती, आणि माझी रवानगी भंगारात व्हायची होती. माझा गुन्हा काय? तर म्हणे मी अडकते.

माझा जन्म ओतशाळेत झाला. तापलेलं पितळ साच्यात ओतलं, निवलं, आणि एका कारागिरानं कानस फिरवून माझी खाच अशी गुळगुळीत केली की दोरीला कळूही नये, आपण कशावरून सरकतोय. माझ्यासोबतच्या बहिणी विहिरींवर गेल्या, बंदरात गेल्या. त्यांना रोज काम. मला मात्र मोजक्या सुट्ट्यांपुरतं. लोकांची सुट्टी, तीच माझी नोकरी!

स्वातंत्र्यदिनी झेंडा सरसर वर यायचा, मी गरगर फिरायची, टाळ्यांनी मैदान दणाणायचं. कामगारदिनी साऱ्या गावाला आराम. राबायच्या फक्त शाळेच्या शिपाई मावशी. कारण झेंडा लावणार कोण? "आज माझाच दिवस आहे म्हणे," असं म्हणत त्या दोरी ओढायच्या, आणि आम्ही दोघी मनातल्या मनात हसायचो.

आणि स्मृतिदिन. लढाईवरून जे परतले नाहीत, त्यांचा. त्या दिवशी झेंडा आधी टोकापर्यंत चढवायचा आणि मग सावकाश अर्ध्यावर आणायचा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मुलांना सांगायच्या, "वर जी मोकळी जागा राहते ना, ती त्यांची." मुलं मान डोलवायची आणि उरलेल्या सुट्टीत काय खेळायचं ते ठरवायची. गावात त्या दिवशी गाद्या उन्हात पडायच्या, सायकली धुतल्या जायच्या.

मावशींचा मुलगा याच शाळेत शिकला. सैन्यात जाण्याआधी तो शिडी लावून वर आला होता. शिलाई मशीनच्या तेलाची बुधली उघडून माझ्या आसात तेल सोडलं आणि म्हणाला, "म्हातारे, मी येईपर्यंत कुरकुरायचं नाही हं!"

पुढं लढाई झाली. निरोप आला, सापडत नाही. आहे असंही नाही, नाही असंही नाही.

त्यानंतरच्या स्मृतिदिनी मावशींनी झेंडा टोकाला चढवला. खाली घ्यायची वेळ आली, तशी त्यांनी दोरी मुठीला गुंडाळून घट्ट धरली.

"कप्पी अडकली मेली," त्या म्हणाल्या. "खाली येईना."

मी? मी अडकले? अंगाचा नुसता तिळपापड झाला! कवायतीच्या सरांनी वर पाहिलं, मग मावशींच्या मुठीकडं पाहिलं. "गंजली असेल," ते म्हणाले. "हवा दमट आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

तेव्हापासून दर स्मृतिदिनी मी अडकत आले. संध्याकाळी तोच झेंडा अलगद उतरायचा, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण मावशींना चोर तरी कोणत्या तोंडानं म्हणू?

गेल्या स्मृतिदिनी मात्र वरच्या कचेरीतून कुणी पाहुणा आला, 'झेंडा अर्ध्यावर का नाही?' म्हणाला, आणि नवी कप्पी पाठवून मोकळा झाला. त्या सकाळी पुन्हा स्मृतिदिन होता, आणि नव्या कप्पीबरोबर मावशींची सबब संपणार होती. खाली झाडू मारताना त्या एकच जागा पुन्हा पुन्हा झाडत होत्या.

वेल्डरनं मला बोटानं फिरवलं. गर्रर्र. पुन्हा फिरवलं.

"ओ सर! हिला काय धाड भरलीय? लोण्यासारखी फिरतेय की!"

"तुम्ही बदला हो," खालून सर म्हणाले.

"अहो, पण अडकते कुठं?"

"वाऱ्यानं अडकते."

"वाऱ्यानं पतंग अडकतो, सर. कप्पी नाही!"

खाली झाडूचा आवाज थांबला.

मित्रांनो, पाना माझ्या मानेला भिडलाय, म्हणून घाईघाईत सांगते. सुट्टीला खुशाल उशिरा उठा. पण ती कुणामुळे मिळाली, एवढं घरात एकदा विचारा. आणि जुन्या वस्तूला नावं ठेवण्याआधी तिला हात लावून बघा. बहुतेक वेळा थेंबभर तेलाचं काम असतं. कधी कधी तेवढंही नसतं.

"दादा, तिला सोडा," मावशी म्हणाल्या. झाडू भिंतीला टेकवून त्या खांबापाशी आल्या होत्या. "तिला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं."

"मावशी, राहू द्या ना," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या.

"किती वर्षं राहू द्यायचं, बाई? तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळलंत, आणि बोल लागला तिला. माझ्या पोरानं स्वतःच्या हातानं तेल घातलंय तिच्यात."

वेल्डर उतरला, त्यानं शिडी बाजूला घेतली. मावशींनी झेंडा टोकाला चढवला. मग दोरी हातातून थोडी थोडी सोडू लागल्या. मी फिरले, अगदी हळू, आणि एकदाही कुरकुरले नाही.

अर्ध्यावर त्यांनी दोरीला गाठ मारली, वरच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं आणि म्हणाल्या,

"माझा मुलगा गेला."