पडद्यावरचं तेजोवलय

संस्थेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर ठिपक्यांचं जाळं झळकत होतं. प्रत्येक ठिपका म्हणजे एक संशोधक आणि प्रत्येक रेघ म्हणजे एकाने दुसऱ्याच्या शोधनिबंधाचा दिलेला संदर्भ. मधोमध तेजोवलय असलेला भलामोठा ठिपका महाराजांचा. महाराज म्हणजे धान्य विभागाचे प्रमुख. अंगात भगवं काही नव्हतं, चांगला कोट होता. पण त्यांच्या संदर्भांचा आकडा दोन वर्षांत तिप्पट झाला आणि हे नाव चिकटलं. आधी थट्टेने म्हणायचे, मग लोक खरोखरच वाकू लागले. त्यांच्या निबंधावर आपलंही नाव लागावं म्हणून शिकलेसवरलेले लोक त्यांच्या दाराशी ताटकळत.

बुरशीवाल्या बाई शेवटच्या रांगेत होत्या. साठवलेल्या धान्याला बुरशी का लागते, यावर त्यांची अर्धी नोकरी गेली होती. त्यांचा आकडा तुटपुंजा, म्हणून त्यांची प्रयोगशाळा बंद करून खोली महाराजांना द्यायची, हे आज ठरणार होतं. कानावर आलं त्या दिवसापासून बाईंना काही वाटेनासंच झालं होतं. राग नाही, रडू नाही. सकाळी नवऱ्याने विचारलं, "अगं, डबा घेतलास ना?" त्या हो म्हणाल्या आणि डबा ओट्यावर ठेवूनच निघाल्या. प्रयोगशाळेतल्या बरण्या खोक्यांत भरताना हात आपले चालत होते, इतकंच. एक बरणी मावली नाही, ती त्यांनी पिशवीत टाकली.

"मंडळी, आकडा खोटं बोलत नाही," महाराज डोळे अर्धे मिटून म्हणाले. "मी काहीच केलं नाही. ज्ञान आपणहून माझ्याकडे वाहत आलं." त्यांचा गाजलेला शोध म्हणजे पाल्याची एक भुकटी, ती धान्यात मिसळली की बुरशी लागत नाही म्हणे. मग त्यांनी मोठ्या मनाने बाईंचा बारीक ठिपका दाखवला. "ज्यांची खोली आज जातेय, त्यांचं कामसुद्धा माझ्याच आधारावर उभं आहे. ही पाहा रेघ."

बाईंनी रेघ पाहिली आणि त्यांना आपला निबंध आठवला. भुकटी मिसळून पाहिली, तरी बुरशी आलीच, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. यंत्राला संदर्भ दिसला, वाक्य दिसलं नाही. त्यांनी काढलेली चूकसुद्धा महाराजांच्या पुण्याईत जमा झाली होती.

बाई उठल्या. विजेचं बिल वाचावं तशा आवाजात त्यांनी संगणक चालवणाऱ्या मुलीला सांगितलं, की महाराज आणि त्यांच्यासोबत नेहमी लिहिणारे चार मित्र, या पाच जणांनी एकमेकांना दिलेल्या रेघा काढून टाका. हे पाच जण पाच संस्थांतले विभागप्रमुख. एकाने लिहायचं, पाचांनी सह्या करायच्या आणि प्रत्येक निबंधात बाकीच्यांची आरती ओवाळायची.

रेघा गेल्या. तेजोवलय विझलं आणि वाटाण्याएवढा ठिपका उरला. उरलेल्या रेघांमागची वाक्यं उघडायला बाईंनी सांगितलं. एक-दोन नुसतीच नावं घेणारी होती. बाकीच्यांत बहुतेक तेच होतं: आम्हाला असा परिणाम आढळला नाही.

बाईंनी बरणी टेबलावर ठेवली. भुकटी घातलेलं धान्य आत काळं पडून केसाळ झालं होतं.

"अहो, असं तर सगळेच करतात," महाराज म्हणाले.

संचालकांनी विचारलं, "मग काम मोजायचं तरी कसं?"

"वाचून. वेळ लागतो, पण दुसरा उपाय नाही. कुणाचं नाव किती वेळा घेतलं, ते यंत्र सांगेल. कुणी घेतलं आणि कशासाठी, ते आपणच बघायचं. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढं तरी विचारा."

निर्णय पुढे ढकलला गेला. बाई खोलीत आल्या, बरणी फळीवर ठेवली. थोड्या वेळाने संचालक दारात आले, हातात बाईंचा निबंध.

"हा मी आज पहिल्यांदा वाचला," ते खाली बघत म्हणाले. "खोली बंद करायच्या कागदावर सही मात्र मागच्याच आठवड्यात केली होती. ती मागे घेतोय."

ते गेल्यावर बाईंना एकदम भूक लागली. डबा ओट्यावरच राहिल्याचं आठवलं, आणि इतक्या दिवसांनी त्यांना रडू आलं.