माझे चौदा किलो

माझ्या नवऱ्याने, रुपेशने, मोटारसायकलचं इंजिन लावून रेसची छोटी गाडी बांधली. चालवणार मी. वजन घटवायला त्याने तळाला पातळ पत्रा लावला. चेनऐवजी चाकं फिरवणारा शाफ्ट त्या पत्र्याखालून नेला. माझं वजन विचारलं, तेव्हा मी बाळंतपणाआधीचं सांगितलं, बावन्न. आज पहिल्याच चकरेत माझ्याखालचा पत्रा वाकून शाफ्टला घासला.

“माह्यंच मोजमाप चुकलं,” म्हणत तो तोंड पाडून बसला.

माझी मान वर होईना. “नाई रे. मी खोटं सांगितलं.”

कापसाच्या जिनिंगमधून आणलेल्या काट्यावर मी लेकीला, जागृतीला, कडेवर घेऊनच चढले.

“पोरगी इकडे दे,” रुपेश म्हणाला. “तिच्याआड काऊन लपून राह्यली?”

दिली. काटा सहासष्टवर थांबला. आकडा मीच मोठ्याने वाचला.